एक डॉलरचं सोंग

फेक डेटिंगच्या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो. माजी प्रियकराला दाखवायला, नाहीतर घरच्यांचा तगादा थांबवायला दोघंजण जोडपं असल्याचं सोंग घेतात आणि त्या सोंगातच गुंतत जातात. वाचकांचा आक्षेपही ठरलेला: एवढ्याशा कारणासाठी कोणी इतकं नाटक करेल का? मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग नेमकं उलटं सांगतो. कारण किरकोळ असेल तरच मन बदलतं.

लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी तो १९५९ साली प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी मुद्दाम कंटाळवाणं काम दिलं. तबकात १२ रिळं एका हाताने भरायची, काढायची, पुन्हा भरायची. अर्धा तास. मग फळीवरच्या ४८ खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवायच्या. आणखी अर्धा तास. त्यानंतर बाहेर थांबलेल्या मुलीला सांगायचं, काम फार मजेचं होतं! या खोट्यासाठी काहींना १ डॉलर मिळाला, काहींना २०. पुढे, काम खरंच कसं वाटलं हे उणे ५ ते अधिक ५ या मापावर विचारलं. खोटं बोलायला न लावलेल्यांची सरासरी उणे ०.४५ आली, २० डॉलरवाल्यांची उणे ०.०५. एक डॉलरवाल्यांची मात्र अधिक १.३५.

वीस डॉलर घेणाऱ्याला आपण खोटं का बोललो ते ठाऊक होतं. एका डॉलरवाल्याकडे तसं सांगण्यासारखं कारण नव्हतं, म्हणून काम तितकं वाईट नव्हतं असं त्याच्या मनाने ठरवलं. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. इथे पैशाने सोंग सोंगच ठेवलं. म्हणून नायिकेला भरभक्कम मोबदला देणारी कथा मला जास्त अवघड वाटते: हात हातात राहिला, तर तिच्याकडे उत्तर तयार असतं, पैशासाठी.

पण हा मुद्दा वाटतो तितका पक्का नाही. २०२४ मध्ये १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी पैशांऐवजी निबंध घेऊन याच सिद्धांताची, म्हणजे वागणं आणि मत जुळेना की मतच सरकतं या कल्पनेची, परीक्षा घेतली. स्वतःच्या मताविरुद्ध लिहिणाऱ्यांची मतं, भलत्याच विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त सरकली. सक्ती असेल तर ‘लिहायला लावलं’ हे कारण हाताशी असतं, मोकळीक असेल तर नसतं; पण लिहायचं की नाही याची मोकळीक दिली किंवा नाही दिली, त्याने फरक पडला नाही. वागण्यामागे मन ओढलं जातं, एवढं टिकलं. कारणाच्या आकाराबद्दल मी आता कमी ठामपणे बोलेन.

प्रेमाच्या जवळचा पुरावा १९८९ चा आहे. केलरमन, लुईस आणि लेअर्ड या संशोधकांनी अनोळखी स्त्री-पुरुषांना दोन मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघायला सांगितलं. दोघंही बघत राहिले, तेव्हा जवळीक जास्त वाटली. समोरच्याच्या पापण्यांची उघडझाप मोजायला सांगितलेल्यांना तितकी जवळीक वाटली नाही. चांगली लेखिका हे जाणते. तिच्या पात्रांना पाहुण्यांसमोर बघण्याचं नाटक करावं लागतं, पण बघावं तर खरंच लागतं! अर्थात ही दोन मिनिटांनंतरची भावना. ती वर्षभर टिकते, असं हा प्रयोग सांगत नाही.

राहिला तो सर्वांत जास्त चिडवणारा भाग: दोघंही प्रेमात, आणि दोघांनाही समोरच्याबद्दल खात्री नाही. इथे मी लेखकांच्या बाजूची आहे. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की गप्पा मारून उठलेली माणसं आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज कमीच बांधतात. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही हा फरक कित्येक महिने राहिला. रोज एकमेकांची तोंडं बघणाऱ्यांची ही गत. कादंबरीतला सहा आठवड्यांचा गैरसमज मला म्हणूनच ताणलेला वाटत नाही.