पिल्लाचं लिव्हर आणि डोकं, दोन्ही खाद्यावर अवलंबून हे कळलं कसं

कोंबडीचं पिल्लू सुस्त दिसलं की आपल्याकडे आधी लिव्हर टॉनिकची बाटली आणतात, पण खाद्यातला मका कुठून आला, किती ओला होता हे कुणी विचारत नाही, म्हणून मागचा इतिहास सांगावासा वाटला.

जावा बेटावर १८९० च्या आसपास आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचे, म्हणजे नसा कमजोर होऊन पाय लुळे पडतात त्या आजाराचे, जंतू शोधत होता, तर त्याच्या कोंबड्यांचेच पाय लुळे पडायला लागले आणि मग आपोआप बऱ्या पण झाल्या. झालं असं होतं की मधे त्यांना हॉस्पिटलच्या किचनमधला पॉलिश तांदळाचा भात घालत होते, नवीन आचारी आला त्याने तो द्यायला नकार दिला, मग कोंबड्या बिनपॉलिशच्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. कोंड्यातलं जीवनसत्त्व मिळेना म्हणून नसा गेल्या होत्या. पुढे १९३१ मध्ये अमेरिकेत दिसलं की ठराविक आहारावरच्या पिल्लांचा लहान मेंदूच खराब होतो, तोल जातो, ती पडतात. तिथे कमी होतं ते व्हिटॅमिन ई.

लिव्हरचं खरं प्रकरण १९६० चं, इंग्लंडमधलं. काही महिन्यांत टर्की या पक्ष्याची एक लाखावर पिल्लं मेली, पंख खाली लोंबलेले, खाणं बंद, आठवड्यात खेळ खल्लास, आणि उघडून बघितलं तर लिव्हरमधे रक्तस्राव. आधी व्हायरस वाटला, कारण कळेना म्हणून नावच टर्की एक्स डिसीज पडलं. शेवटी माग लागला ब्राझीलवरून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा, तिच्यात अस्परजिलस फ्लेव्हस बुरशी, आणि तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. वाईट हे की लिव्हर ते विष मोडायला जातं आणि त्यातूनच जास्त घातक पदार्थ तयार होतो. कोंबडी टर्की आणि बदकापेक्षा थोडी सोसते, पण लहान पिल्लाला फार सोसत नाही. आणि पक्ष्यांमधे चरबी मुख्यतः लिव्हरच बनवतं, त्यामुळे ते बिघडलं की वाढच अडते.

आता शिकण्याचं. १९६९ मध्ये चेर्किन नावाच्या संशोधकाने एक दिवसाच्या पिल्लांना कडू द्रव लावलेलं काहीतरी चोच मारायला दिलं, एकदा चोच मारली की पिल्लू पुन्हा त्याला शिवत नाही, आणि मेमरीच्या अभ्यासात ही पद्धत मग खूप वर्षं वापरली गेली. इतकं हुशार पिल्लू, पण अफ्लाटॉक्सिनला ना चव ना वास, त्यामुळे पहिल्या चोचीत त्याला काहीच कळत नाही, आणि लक्षणं दिसेपर्यंत लिव्हर गेलेलं असतं. शिजवून पण ते पूर्ण जात नाही, त्यामुळे मका आणि पेंड गोणीत भरायच्या आधीच वाळवून चेक करायला लागते.