वार्धक्य निवृत्तिवेतन : कपातीपासून संरक्षण (भारत)

दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना सरकारकडून दरमहा मिळणारे अर्थसाहाय्य अर्थसंकल्पी काटछाटीत बंद पडू नये वा क्षीण होऊ नये, यासाठी भारतात उभी राहिलेली न्यायालयीन तरतूद व लोकचळवळ. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यातील साहाय्याचा उल्लेख आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे न्यायालयामार्फत थेट अंमलात आणता न येणारे, असून आर्थिक क्षमतेच्या मर्यादेने बांधलेले आहे.

अशा निवृत्तिवेतनाचा आरंभ बहुधा उत्तर प्रदेशात १९५७ च्या सुमारास झाला. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू करून ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा ७५ रुपये देऊ केले.

संरक्षणाचा मुख्य आधार न्यायालयीन आहे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम (अंतिम निकालापूर्वीच्या) आदेशाने, अन्नविषयक योजनांबरोबरच, केंद्राचे हे निवृत्तिवेतनही दरमहा ७ तारखेपर्यंत देण्याचे बंधन घातले, आणि सरकारी मेहेरबानीला हक्काचे रूप आले. पुढे २००४ मध्ये न्यायालयाने, आपल्या आदेशांखालील कोणतीही योजना पूर्वपरवानगीशिवाय बंद वा संकुचित करू नये, असे बजावले. १० फेब्रुवारी २०१७ रोजी याचिका निकाली निघाली. त्यानंतर हे कवच टिकून आहे काय, याविषयी मतभेद संभवतो. अंतरिम आदेश सामान्यतः मूळ प्रकरणाबरोबर संपुष्टात येतात. शिवाय ज्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ मुळे याचिकेची गरज सरली असे धरले गेले, त्यात वार्धक्य वेतनाचा समावेशच नाही. त्यामुळे कवच दुबळे झाले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

योजना बंद न करताही, रक्कम गोठवून व लाभार्थी मर्यादित ठेवून, कपात होते, आणि वृद्धांचे खरे नुकसान तिनेच केले आहे. केंद्राचा वाटा २०० रुपये केव्हा झाला, याबाबत २००६ व २००७ अशी दोन वर्षे दिली जातात. वाढ एप्रिल २००६ पासूनची व इंदिरा गांधी यांच्या नावाने योजनेची नवी मांडणी नोव्हेंबर २००७ मधील, असे मानल्यास विसंगती उरत नाही. २०११ मध्ये पात्रतेचे वय ६० वर आले व ८० वर्षांपुढील वृद्धांना ५०० रुपये ठरले. परंतु बाकीच्यांचे २०० रुपये तसेच राहिले. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्यांना महागाई भत्ता मिळतो, या वेतनाला तशी जोड नाही. प्रत्येक राज्यासाठी लाभार्थिसंख्येची कमाल मर्यादाही ठरलेली असल्याने पात्र वृद्धाला जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते, ही गोष्ट क्लेशदायक आहे.

पुण्याचे कामगारनेते बाबा आढाव आणि माहिती अधिकार चळवळीतील अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्मे व महागाईशी निगडित निवृत्तिवेतन मागितले. वृद्धांच्या हक्कांविषयीच्या अश्वनी कुमार प्रकरणात (१३ डिसेंबर २०१८) सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतनाच्या रकमेचा फेरविचार करण्यास केंद्राला सांगितले; आकडा मात्र ठरवून दिला नाही.

केंद्राचा वाटा गोठल्याने उरलेला भार राज्यांवर पडतो. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,०००, तर २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. यांपैकी केंद्राच्या योजनेत नाव असलेल्या ८० वर्षांखालील लाभार्थ्यामागे केंद्राकडून येतात ते २०० रुपयेच.