रस्त्यांचे झाड आणि रस्त्यांची जाळी

नोव्हेंबर २०२२मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला आणि पूर्व-पश्चिम वाहतूक विस्कटली, तेव्हा बहुतेकांनी दोष वाढत्या गाड्यांना दिला. गाड्या वाढल्या हे खरेच. पण एक पूल बंद होताच एवढा परिसर का अडतो, याचे उत्तर रस्त्यांच्या मांडणीत आहे.

ही मांडणी मोजता येते. प्रत्येक नाका किंवा रस्त्याचे टोक हा बिंदू आणि दोन बिंदूंमधला रस्ता ही रेघ मानली, तर रेघांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून एक मिळवला की त्या सलग जाळ्यात स्वतंत्र वेढे, म्हणजे मागे न वळता निघाल्या जागी परत आणणाऱ्या वाटा, किती, ते कळते. झाडासारख्या फांद्या फुटून बंद गल्ल्यांत संपणाऱ्या वस्तीत हे उत्तर शून्य येते. म्हणजे कुठूनही कुठेही जायला एकच वाट, आणि एका फांदीवरून दुसरीवर जायचे तर बुंध्यावर यावेच लागते. चौकटींच्या जाळीत मात्र तीन चौक पूर्वेला आणि तीन उत्तरेला जायचे असेल, तर उलटे न फिरता सारख्याच लांबीचे २० मार्ग निघतात, आणि पहिलाच तुकडा खणून ठेवलेला असला तरी त्यांतले १० शिल्लक राहतात.

१८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये मुंबईच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी रस्त्यांसकट केली. पुढे शहर घोडबंदर रस्त्याकडे पसरले ते संकुलासंकुलाने. तिथे भिंतीपलीकडचे दुकान खिडकीतून दिसते, पण गाठायचे तर आपल्या फाटकातून मुख्य रस्त्यावर येऊन शेजारच्या फाटकातून आत शिरावे लागते. हे केवळ आपल्याकडचे नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवले की १९७५पासून जगभर नव्या वस्त्यांमधले रस्ते एकमेकांना कमी जोडलेले होत गेले. अमेरिकेत मात्र १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर हा कल उलटू लागला.

रस्ता समोर येऊन संपणारा भूखंड वास्तुवाले अशुभ ठरवतात. रस्ता संपल्याचा खरा फटका त्या घरमालकाला नव्हे, आसपासच्या सगळ्यांना बसतो, आणि त्यावर पिरॅमिड टांगून उपयोग नाही.

इमारती पुनर्विकासात पडतात, रस्ते सहसा जागचे हलत नाहीत. दादर-माटुंग्यात जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहिले तरी गल्ल्या त्याच आहेत. त्यामुळे आज आखलेले झाड पुढच्या कित्येक पिढ्यांना पुरणार. दोन संकुलांचे अंतर्गत रस्ते भिंतीपाशी समोरासमोर संपत असतील, तर तिथे पादचाऱ्यांपुरते फाटक उघडल्याने पायी जाणाऱ्यांच्या जाळ्यात एक वेढा नक्की वाढतो. अडते ते गणितात नाही, त्या फाटकाची किल्ली कोणत्या सोसायटीकडे राहील यावर.