तेरा वर्षांची अट आणि अजाण राहण्याची मुभा

इंटरनेटवरील मुलांच्या सुरक्षेसाठी झालेल्या कायद्यांचा इतिहास बहुधा अश्लील मजकुरापासून सांगितला जातो. त्या आघाडीवर अमेरिकेने १९९६ मध्ये केलेल्या कायद्यातील मुख्य तरतुदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केल्या, कारण त्यांमुळे प्रौढांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा येत होती. आजच्या वादांचे मूळ मात्र मुलांकडून गोळा होणाऱ्या माहितीविषयी अमेरिकेतच १९९८ मध्ये झालेल्या कायद्यात अधिक सापडते.

एप्रिल २००० पासून लागू झालेल्या या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती मिळवणे आणि ती पडताळणे बंधनकारक केले. खरी मेख होती ती बंधन कोणावर, यात. जी संकेतस्थळे उघडपणे मुलांसाठी चालवली जातात ती, आणि समोरचा वापरकर्ता १३ वर्षांखालील असल्याची ज्यांना ‘प्रत्यक्ष माहिती’ आहे ती, एवढीच कायद्याच्या कक्षेत आली. कंपनीला ते कळायला हवे होते का, याची चौकशी करण्यास जागाच उरली नाही आणि अजाण राहणे फायद्याचे ठरले. नोंदणीच्या वेळी जन्मतारीख मागायची आणि मुलाने जन्मवर्ष दोन-तीन वर्षे मागे सरकवले तर ते खरे मानायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. २०१३ मध्ये नियम बदलून छायाचित्रे, आवाज आणि ठावठिकाणा यांचाही समावेश झाला, पण ही कसोटी कायम राहिली. २०१९ मध्ये एका बड्या व्हिडिओ कंपनीने १७ कोटी डॉलर भरून खटला मिटवला, तेव्हा तिचे दोन चेहरे उघड झाले: खेळणी बनवणाऱ्यांना ती ६ ते ११ वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचण्यात आपणच आघाडीवर असल्याचे सांगत होती, आणि एका जाहिरात कंपनीला मात्र आपल्याकडे १३ वर्षांखालील वापरकर्तेच नसल्याचे कळवत होती.

पुढच्या कायद्यांनी ही पळवाट बुजवण्याचा प्रयत्न केला आहे. युरोपीय संघाने २०१८ पासून मुलाने स्वतःच्या माहितीच्या वापराला पालकांविना संमती देण्याचे वय १६ ठेवले, तरी ते १३ पर्यंत उतरवण्याची मुभा सदस्य देशांना दिली. ब्रिटनने अश्लील संकेतस्थळांसाठी २०१७ मध्ये मंजूर केलेली वयाची पडताळणी २०१९ मध्ये गुंडाळली आणि नव्या कायद्याद्वारे जुलै २०२५ पासून लागू केली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत असून तो कंपनीला होतो, मुलाला किंवा पालकांना नाही. अर्थात मूल ओळखायचे तर प्रौढांचेही वय तपासावे लागते, आणि त्यासाठी नवी माहिती गोळा होते, हा आक्षेप सहज झटकून टाकता येण्याजोगा नाही.

भारताच्या २०२३ च्या कायद्याने थेट १८ ही मर्यादा घातली, मुलांचा ऑनलाइन माग काढण्यावर आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंदी आणली. सात वर्षांचे मूल आणि १७ वर्षांचा विद्यार्थी यांना एकाच मापाने मोजल्याची टीका रास्तच आहे. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शिक्षण, आरोग्य अशा काही क्षेत्रांना मर्यादित सूट दिली असून पालकांच्या संमतीची तरतूद लागू होण्यास १८ महिन्यांचा अवधी ठेवला आहे.