तुरीचा शेंडा खुडतो तसा ऑटोफ्लॉवरचा खुडावा का?

आमच्याकडे तूर दीड महिन्याची झाली की शेंडे खुडतात. कोवळा शेंडा दोन बोटांत धरायचा, टचकन मोडायचा आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. काही दिवसांत खालच्या पानांच्या बगलेत दडलेले डोळे फुटतात, झाड उंच जायचं सोडून पसरतं, फांद्या वाढल्या की शेंगाही वाढतात.

म्हणून जर्मनीत राहणाऱ्या मित्राने कुंडीतल्या गांजाच्या झाडाचा फोटो पाठवून "शेंडा मारू का रे" असं विचारलं तेव्हा मी पटकन हो म्हणणार होतो. (तिकडे १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे इथे कुणी करून बघू नये.) पण झाड ऑटोफ्लॉवर, म्हणजे रात्र लांबायची वाट न बघता वयावर फुलणाऱ्या जातीचं आहे म्हणाला आणि मी थांबलो.

आधी शेंडा खुडल्यावर होतं काय ते बघू. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खोडातून खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. १९३० च्या दशकात थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावलं, तर खालचे डोळे फुटलेच नाहीत. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही, कारण ऑक्झिन खोडातून तासाला जेमतेम एक सेंटीमीटर सरकतं आणि लांबचे डोळे त्याच्या कितीतरी आधी हलायला लागतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्यावर दाखवलं की पहिला इशारा साखरेचा असतो, एरवी वाढता शेंडा साखर ओढून घेतो, तो गेला की तीच साखर झपाट्याने डोळ्यांकडे वळते. मला हे फार आवडतं, म्हणजे डोळे नुसते दबलेले नसतात, उपाशीही असतात.

आता हे सगळं व्हायला वेळ लागतो, जखम भरायची, नवे फुटवे जोर धरायचे, यात आठवडा सहज जातो. तुरीला तो परवडतो. पाच-सहा महिन्यांचं पीक, आणि आपल्या बऱ्याच जाती दिवस लहान झाल्याशिवाय नीट फुलत नाहीत. नेहमीचा गांजाही तसाच, रात्र लांबेपर्यंत थांबतो, घरात दिव्याखाली वाढवला तर माणूस पाहिजे तितके दिवस त्याला थांबवून ठेवू शकतो.

ऑटोफ्लॉवर थांबत नाही. हा गुण आला रुडरॅलिस या रानटी गांजाकडून, ज्याचं वर्णन १९२४ मध्ये रशियात यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलं. थंड प्रदेशात उन्हाळा आखूड, रात्र मोठी व्हायची वाट बघत बसलं तर बी पिकायच्या आत थंडी गाठणार, म्हणून हे झाड वयावर फुलतं. तीन-चार आठवड्यांत फुलोरा सुरू, साधारण दहा आठवड्यांत कारभार आटोपतो. यातला एक आठवडा जखम भरण्यात गेला तर फुलोऱ्याआधीच्या वाढीच्या काळाचा पाव हिस्सा तरी गेला, आणि फुलं मात्र ठरल्या वेळीच येणार, मग झाड बुटकं आणि फांद्या काडीसारख्या.

काही लोक खुडतात आणि त्यांचं जमतंही. झाड एकदम तगडं, चार-पाच पेरं झालेली, पेरापाशी पांढरे केस (फुलोऱ्याची पहिली खूण) दिसायच्या आत एकदाच, तर चालून जातं. रोप आधीच रुसलेलं असेल, पानं पिवळी असतील तर हात लावू नये.

मित्राला मी खोड वाकवायला सांगितलं. मऊ दोरी सैल बांधून शेंडा हळूहळू आडवा केला, जखम नाही काही नाही. दुसऱ्या दिवशीचा फोटो आला तेव्हा शेंड्याने मान वर केली होती, आडव्या खोडात ऑक्झिन खालच्या बाजूला जमतं आणि तिथल्या पेशी जास्त लांबतात त्यामुळे. पण खोड आडवंच होतं, मधल्या पेरांवर आता थेट उजेड पडत होता, आणि दोन बगलांत मोहरीएवढे हिरवे ठिपके फुगलेले दिसत होते.