रॅक मोटर की बेल्ट ऑपरेटर? जुन्या सरकत्या गॅरेज-दारासाठी

बाजारात दोन्हींना 'स्लायडिंग मोटर'च म्हणतात. एक सोसायटीच्या गेटला दिसते: जमिनीवर बसवलेली, दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, पुढेमागे ढकलणारी. दुसरी बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काचेच्या दारावर आडव्या खोक्यात असते आणि दातेरी बेल्ट फिरवते. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्याचं सागवानी दार मोटरवर चालवायचं ठरलं की आधी वजन विचारलं जातं. त्याआधी विचारायला हवं ते हे, की दाराचा भार कुठे आहे, खालच्या चाकांवर की वरच्या रुळावर?

वर जाड रूळ, त्यावर धावणारी चाकं आणि दाराचा तळ फरशीपासून बोटभर सुटलेला, तर दार टांगलेलं आहे. खाली चाकं आणि वर फक्त आधाराचे रोलर, तर ते जमिनीवर उभं आहे.

ओढ भाराजवळच लागली पाहिजे. उभ्या दाराला बेल्टने वरून ओढलं तर ते तिरकं होऊ पाहतं, मागचं चाक हलकं पडतं आणि दार अडकत-अडकत चालतं. टांगलेल्या दाराला खालून रॅक लावली तर तळ बाजूला डुलतो, पिनियन (मोटरचं दातेरी चाक) आणि रॅक यांतलं अंतर बदलत राहतं आणि दाते खरडतात. म्हणून उभ्या दाराला रॅक, टांगलेल्याला बेल्ट. टांगलेलं दार फारच जड असेल आणि रॅकशिवाय इलाज नसेल, तर फरशीत पक्की गाईड बसवून तळाचं डुलणं आधी थांबवावं लागतं.

आता वजन. सागाचं एक घनमीटर साधारण ६५० किलो धरा. २.४ मीटर उंच, १.४ मीटर रुंद आणि ६५ मिमी जाड पल्ला झाला सुमारे १४० किलो. लोखंडी पट्ट्या धरून १६० ते १७०. पण मोटरला वजन उचलायचं नसतं, घर्षणावर मात करायची असते. सामान मोजायचा हुकचा काटा दाराला अडकवून ओढा. ४ ते ६ किलोत दार हललं तर चाकं ठीक आहेत. १५ च्या पुढे गेलं तर मोटरचा विचार बाजूला ठेवा आणि आधी चाकं बदला. जुन्या मापाचं चाक सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये लेथवर करून मिळतं. मोठी मोटर लावून जाम चाकं रेटणं हा सर्वांत महागात पडणारा उपाय.

रॅकमध्ये बिघाड बहुतेक एकाच ठिकाणी होतो. पिनियन आणि रॅक यांत पूर्ण लांबीभर १ ते २ मिमी फट हवी. चाक झिजलं की दार खाली बसतं, भार पिनियनवर येतो आणि मोटरचं बेअरिंग जातं. रॅक एकेक मीटरच्या तुकड्यांत येते. सांध्यावर तिसरा तुकडा उलटा धरून दाते जुळवा आणि मगच बोल्ट आवळा. जुन्या फळ्यांना भोकं पाडू नका. लोखंडी पट्ट्यांच्या जुन्याच भोकांतून ४० मिमीचा अँगल घ्या आणि रॅक त्यावर बसवा. मोटरला स्वतःचा काँक्रीट पाया लागतो, त्यामुळे भिंतीला हात लावावा लागत नाही. जुन्या घरात हा मोठाच फायदा.

बेल्टचं यंत्र स्वतःचा रूळ आणि चाकं घेऊन येतं, पण ती काचेच्या दारासाठी असतात. सागवानी पल्ला त्यांवर चढवू नका. जुना रूळ जागेवर राहू द्या; मोटर, बेल्ट आणि मोकळी पुली एवढंच वापरा. समोरासमोर सरकणारे दोन पल्ले असतील तर बेल्टसारखी सोय नाही: एक पल्ला बेल्टच्या वरच्या बाजूला, दुसरा खालच्या बाजूला जोडला की एकाच मोटरवर दोन्ही उघडतात. रॅकला दोन मोटरी लागतात. खोकं मात्र माती-चुन्याच्या विटांवर टांगू नका. फुगणारा अँकर तिथे वीट फोडतो. भार लाकडी तुळईवर घ्या.

काचेच्या दारासाठी ठरवलेला वेगही कमी करा. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथाईवर येते. फोटोसेल, म्हणजे वाटेत कोणी आल्याचं ओळखणारे प्रकाश-सेन्सर, दोन्हींना हवेच. शिवाय नाशकात मे महिन्यात सेट केलेली बंद होण्याची लिमिट, म्हणजे मोटर जिथे थांबते ती जागा, जुलैत चुकते: लाकूड आडवं काही मिलिमीटर फुगतं, दार आधीच टेकतं आणि मोटर अडथळा समजून उलटी फिरते. शेवटी ८ ते १० मिमी मोकळे सोडा.

वीज गेल्यावरही दोन्ही वेगळं वागतात. रॅक मोटरचा वर्म गिअर दार धरून ठेवतो, त्यामुळे किल्लीने क्लच सोडल्याशिवाय ते हलत नाही. गॅरेजला दुसरी वाट नसेल तर ती किल्ली बाहेरून हाताशी येईल अशी सोय करा. बेल्टचं दार सहसा हाताने ढकललं तरी सरकतं, म्हणून त्याला वेगळं कुलूप हवं. जुनी कडीच वापरणार असाल तर तिच्यावर मायक्रोस्विच, म्हणजे कडी लागली की मोटर बंद ठेवणारं छोटं बटण, बसवून घ्या. कडी लावलेली असताना मोटर सुरू झाली तर पहिल्यांदा तुटते ती शंभर वर्षांची कडी.