सिमेंटच्या गिलाव्याने जुन्या भिंतीची ओल जात नाही

जुनं घर नवं करायला काढलं की खानापूर-बेळगाव भागात एक सल्ला हमखास मिळतो: मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करा, ओल कायमची जाईल. हे खरं नाही.

या भिंती जमिनीतलं, पावसाचं पाणी शोषतात आणि ऊन पडलं की हवेत सोडतात. मातीचा वा चुन्याचा गिलावा त्याला वाट देतो. सिमेंटचा थर घट्ट असतो. पाणी आत कोंडतं आणि भिंतीत आणखी वर चढतं. आतली माती मऊ पडते. शिवाय सिमेंट ताठ, भिंत मऊ, म्हणून तडे जातात आणि त्यांतून पुन्हा पाऊस शिरतो. बाहेरून भिंत छान दिसत असते, त्यामुळे आतली झीज कळत नाही. मला हाच सर्वात मोठा धोका वाटतो. ऑइल पेंटही असंच पाणी आत कोंडतो.

आधी पाण्याचा बंदोबस्त करा: फुटकी मंगळुरी कौलं बदला, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर न्या, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग काढा. मग पावसाळा सरल्यावर 1 भाग चुना, 3 भाग वाळू असा गिलावा पातळ थरांत द्या. मातीच्या भिंतीवर त्याआधी मातीचाच थर हवा. चुना काही दिवस ओलसर ठेवावा लागतो, एवढी सवड गवंड्याला द्याच.